लेक परदेशी शिकते, म्हणजे रोज काय करते?

आमची मुलगी जर्मनीला शिकायला गेली ही बातमी ताडीवाला रोडच्या वस्तीत पसरली, तेव्हापासून आम्हाला रोज कुणी ना कुणी अडवते. नळावर, विहाराच्या पायरीवर, रेशनच्या रांगेत. "पोरगी तिकडे काय खाते गं?" "किती पैसे भरले?" "थंडी कशी सोसते?" काहींच्या बोलण्यावरून तर असे वाटते की तिकडे रस्त्यावर पैसा पडलेला असतो आणि आमची लेक तो वेचायला गेली आहे. सगळ्यांना निरनिराळे सांगून तोंड दुखते. म्हणून जे आम्हाला ठाऊक आहे ते एकदा लिहून काढतो. आम्ही नवराबायको दोघे मिळून लिहितो आहोत. एक झाडणकाम करतो, दुसरी घरोघरचा कचरा गोळा करते. लिहिण्याची सवय नाही. शेजारच्या गुरुजींनी शुद्धलेखन तपासून दिले आहे.

आधी पैशाचे सांगतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही. परदेशातून आलेल्या मुलांनाही नाही. एका राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांकडून सहामाहीला १५०० युरो घेतात. आमची मुलगी बॉन शहरात भूगोल विषयात एम.एस्सी. करते, तिथे सहामाहीला सुमारे तीनशे युरो भरावे लागतात, आणि त्यात बसगाडी, रेल्वेचा पासही येतो. हे ऐकून आमच्या जिवात जीव आला होता. पण व्हिसा काढताना कळले की एका वर्षाचा खर्च आधीच तिकडच्या खात्यात ठेवून दाखवावा लागतो. २०२५ साली ती रक्कम ११,९०४ युरो होती. म्हणजे १२ लाखांच्या वर. ते खाते बांधलेले असते. दर महिन्याला ९९२ युरोच हातात पडतात, एक पै जास्त नाही.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी वर्षाला ७५ जागा असतात. अर्जाचे काम आपल्या पुण्यातल्याच समाज कल्याण आयुक्तालयातून चालते. ज्यांच्या घरात हुशार पोरे आहेत त्यांनी त्याची जाहिरात चुकवू नये. आमच्या मुलीचे नाव यादीत लागले नाही. मग एका बँकेत गेलो, तर पहिला प्रश्न, तारण काय? वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला तारण कोण धरतो? दोन महिने चपला झिजवल्यावर थोडे कर्ज मिळाले. बाकीचे पतसंस्था, भविष्य निर्वाह निधीची उचल, बचत गट, मुलीचे दोन्ही मामा आणि गळ्यातले मणी यांतून उभे केले. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो. हे सगळे तिला माहीत आहे, म्हणून ती तिकडे काटकसर जरा जास्तच करते.

ती रोज काय करते ते आता सांगतो. चार जणांत एक घर आहे. प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर आणि मोरी-संडास सगळ्यांचा मिळून. सकाळी उठून पाव नाहीतर उपमा, मग वर्ग, मग ग्रंथालय. दुपारी विद्यार्थ्यांच्या खानावळीत जेवण स्वस्त असते, पण रोज तिथे जेवले तर महिन्याचे गणित चुकते. म्हणून आठवड्यात दोनदाच. बाकीचे दिवस डबा. लाटणे नव्हते तेव्हा पहिले पंधरा दिवस काचेच्या बाटलीने पोळ्या लाटल्या. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानात मिळते, पण इथल्या किमतीशी तुलना करायला गेलो तर भाकरी घशाखाली उतरणार नाही, असे ती म्हणते. जाताना काळा मसाला आणि सुकट दिली होती. दुधातुपाचे आणि मटणाचे काही तिकडे नेऊ देत नाहीत, मासळी चालते. सुकट भाजली त्या दिवशी घरभर वास गेला. जर्मन मुलीने "हे काय?" म्हणून चाखून पाहिले आणि खोकत पाणी प्यायली. घरातला आपल्या पुण्याकडचा एक मुलगा मात्र नाकाला हात लावून खोलीत गेला. सात समुद्र ओलांडले तरी काही नाके तीच राहतात.

रविवारी सगळी दुकाने बंद. शनिवारी मीठ आणायचे राहिले तर सोमवारपर्यंत अळणी खायचे. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, भांडीसुद्धा हळू घासायची. ज्यांनी ताडीवाला रोडवर रेल्वेच्या आवाजात बारावीचा अभ्यास केला, त्यांना ही शांतता खायला उठते. पहिल्या महिन्यात तिला झोप लागत नव्हती. डिसेंबरात तर सकाळी आठ वाजता अंधार आणि संध्याकाळी साडेचारला पुन्हा अंधार. हिवाळ्यात आपले घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. आम्ही रात्री नऊला फोन घेतो तेव्हा तिच्याकडे साडेचार वाजलेले असतात आणि खिडकीबाहेर दिवे लागलेले दिसतात.

आमच्या घरात फोनवर सगळ्यात जास्त बोलणे कशावर होत असेल? कचऱ्यावर. हसू नका. आमच्यातली एक जण सकाळी सातला ढकलगाडी घेऊन निघते. दोघी मिळून जवळपास अडीचशे घरांचा ओला-सुका कचरा घेतात, मग पुठ्ठा, रद्दी, काच, पत्रा, बिसलरी, दुधाच्या पिशव्या असे वेगळे करून भंगारवाल्याकडे देतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे महापालिकेसोबत काम सुरू झाले, त्यातलीच ही गाडी. त्याआधी कुंडीत उतरून वेचण्याचे दिवस होते. तेव्हा तिकडचा कचरा कसा असतो हे विचारणारच.

तिकडे कागदाचा डबा निळा, वेष्टनांचा पिवळा. काचेसाठी रस्त्यावर मोठे डबे, त्यातही पांढरी, तपकिरी, हिरवी काच वेगळी टाकायची. आणि रात्री किंवा रविवारी टाकायची नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेताना २५ सेंट जास्त द्यावे लागतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की तेवढे पैसे परत. बियरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. आता ऐका गंमत. म्हातारी माणसे पिशवी घेऊन स्टेशनवर, बागेत ह्या बाटल्या वेचत फिरतात. इतक्या श्रीमंत देशात! आणि बरेच लोक बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, वेचणाऱ्याला आत हात घालावा लागू नये म्हणून. हे ऐकले तेव्हा आमच्यातली कचरेवाली थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "एवढे एक इकडच्या सोसायट्यांना सांग गं."

जानेवारीत मुलीने सांगितले की तिने काम धरले आहे. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३ युरो ९० सेंट आहे. म्हणजे साधारण चौदाशे रुपये. काम कसले? संध्याकाळी एका कचेरीची सफाई. फरशी पुसायची, संडास धुवायचे, कचऱ्याचे डबे रिकामे करायचे.

इथे आमच्या घरात दोन मते झाली. झाडणकाम करणाऱ्याने फोन ठेवून दिला. "झाडू हातातून सुटावा म्हणून शिकवली, आणि कर्ज काढून झाडू मारायलाच पाठवली का?" पुढचे दोन रविवार तो फोनवर आला नाही. दुसरीचे म्हणणे असे की पोरगी प्रामाणिकपणे कमावते, यात लाज कसली? तिसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली, "पप्पा, इथे माझ्याबरोबर एक जर्मन मुलगा तेच काम करतो, त्याचे वडील डॉक्टर आहेत. काम संपले की तो घरी जातो आणि काम तिथेच राहते. आपल्याकडे ते माणसाबरोबर घरी येते, आडनावात येते, पुढच्या पिढीत येते." पप्पांनी ऐकून घेतले. पटले असे म्हणाले नाहीत. अजूनही म्हणत नाहीत.

त्यांच्या घरातही संडास धुण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे. दर आठवड्याला एकाची पाळी, सगळ्यांना सारखी. सुकटीला नाक मुरडणाऱ्या त्या मुलाने पहिल्या पाळीला सांगितले की माझ्या वाट्याचे मी पैसे देतो, आणि देऊ केले कोणाला, तर आमच्या मुलीला. तिने नकार दिला. जर्मन मुलीला तर हा व्यवहारच कळेना. तिने त्याच्या हातात ब्रश दिला आणि कसे घासायचे ते दाखवले. आता घासतो. चांगले घासतो म्हणे.

बाबासाहेबांचे नाव या सगळ्यात येणारच. १९२० ते १९२३ ते लंडनला दुसऱ्यांदा शिकत होते, तेव्हा खानावळीचा नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा आणि चहा. दुपारचे जेवण चुकवून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बसायचे आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. तीच पत्र्यावरची भूक घेऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला. हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण १९२२ साली त्यांनी याच बॉन विद्यापीठात नाव घातले होते, हे आम्हाला मुलगी तिकडे गेल्यावर कळले. तिथला अभ्यास राहून गेला, लंडनची पदवी आधी पुरी करायची होती. मुलगी म्हणते, ग्रंथालयात ऱ्हाइन नदीकडच्या बाजूला बसले की मनात येते, त्यांना इथे राहायला मिळाले असते तर? आम्हाला मात्र दुसरेच मनात येते. त्यांच्या पत्राची वाट बघत मुंबईत रमाई कशा दिवस काढत असतील? तेव्हा बोटीने पत्र यायला आठवडे लागत. आम्ही फोनवर तोंड बघतो, तरी रविवार ते रविवार लांब वाटतो.

सुरुवातीला तिकडच्या भारतीय मुलांच्या एका जेवणात कुणीतरी तिला विचारले, आईवडील काय करतात? ती म्हणाली, "कचरा व्यवस्थापनात आहेत." आम्हाला हसत सांगितले. आम्हाला हसू आले नाही, पण तिला काही बोललोही नाही. नव्या मुलखात एकटी आहे, कुठे काय बोलायचे ते तिचे तिने ठरवावे.

मार्चमध्ये तिचा फोन आडवारी आला. शहरे आणि कचरा या विषयावर वर्गात बोलायचे होते आणि तिने पुणे निवडले होते. तिला आईचा गाडीसकट फोटो पाहिजे होता, आणि ही माझी आई असे वर्गात सांगायचे होते. "चालेल का?" म्हणून विचारत होती. पुन्हा दोन मते. एकाचे म्हणणे, फोटो द्यायचाच तर लग्नातल्या साडीतला दे. दुसरी म्हणाली, साडीतल्या बाईला कचऱ्यातले काय कळते असे वाटेल त्यांना. कामावरचाच जाऊ दे. शेवटी पहाटे गाडीपाशी फोटो काढला, आणि तो काढला झाडणकाम करणाऱ्यानेच, कामावर जाण्याआधी.

वर्गात पुष्कळ प्रश्न आले. किती घरे, किती किलो, काच रंगाप्रमाणे वेगळी करता का, पावसात काय करता? मुलीला काहींची उत्तरे आली नाहीत. तिने सांगितले, आईला विचारून सांगते. आता दर रविवारी प्रश्नांची यादी येते आणि आमच्यातली एक जण कोपऱ्यात बसून हिशेब सांगते, दुसरा वहीत लिहून घेतो. या आठवड्याचा प्रश्न पुठ्ठ्याचा आहे. पावसाळ्यात ओला पुठ्ठा भंगारवाला किती कमी भावाने घेतो, आणि वजनातून पाण्याचे किती कापतो, ते भंगारवाल्याला विचारून ठेवायचे आहे.