आकाशातील घड्याळे

जुना जालना येथील एका वृद्ध मोटारचालकांना मराठवाड्यातील वाटा तळहातावरील रेषांसारख्या पाठ होत्या. मुलाने मोटारीत दिशादर्शक यंत्र बसविले, तेव्हा त्यांना तो आपला अपमानच वाटला. "तोंडात जीभ असता वाट विचारायला पेटी कशाला?" असे ते म्हणत. ती पेटी काचेपाशी उन्हात तशीच पडून राही. वैशाखातील मराठवाड्याचे ऊन ते! बंद मोटारीत भट्टीच पेटते. एके दिवशी तिची बॅटरी फुगली.

बॅटरी बदलून आणल्यावर सातवीतील नात म्हणाली, "आजोबा, हे यंत्र आकाशातील घड्याळे ऐकते."

ते खरेच होते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपले स्थान आणि अचूक वेळ अखंड सांगत असतात. यंत्र स्वतः आकाशाकडे काहीच धाडीत नाही. ते केवळ ऐकते. संदेश येण्यास किती वेळ लागला, यावरून ते उपग्रहाचे अंतर काढते. तीन अंतरांवरून जागा ठरते. चौथा उपग्रह यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारण्यासाठी लागतो. ही चूक लहान समजू नये. सेकंदाचा दहालक्षांश भाग चुकला, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. जुन्या जालन्यातला मनुष्य कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात दिसावा! भारतानेही १ जुलै २०१३ रोजी आपल्या 'नाविक' मालिकेतील पहिला उपग्रह सोडला.

आजोबा पेटीला जपू लागले. मऊ कोरड्या फडक्याने पुसून, मोटार उभी केली की ते ती सावलीत कप्प्यात ठेवीत. विश्वास इतका जडला, की वाट विचारणेच त्यांनी सोडले.

श्रावणातील एका रात्री ते एका बाळंतिणीला खेड्यातून जालन्याच्या रुग्णालयात आणीत होते. पाऊस मुसळधार, खुणा दिसेनात. यंत्र म्हणाले, "डावीकडे वळा." वळणावर कंदील घेतलेला एक शेतकरी आडवा आला. "फरशीवरून पाणी चाललंय, काका. नवा पूल पुढं हाय!"

पुलावर मोटार चढली, तेव्हा पडद्यावर ती नदीच्या पात्रातून चाललेली दिसत होती. जागा अगदी बरोबर होती. पेटीतला नकाशा मात्र पूल होण्याआधीचा होता.

पहाटे मुलगी झाली. घरी येताच आजोबांनी नातीला उठविले आणि पेटी तिच्या हाती दिली. "आधी हिच्यात नवा नकाशा भर," ते म्हणाले.