माळावरची हजेरी

माझी भाची दौंडला राहते. रात्रीची जेवणं उरकली, मागची आवराआवर झाली की ती लॅपटॉप उघडते आणि सेरेंगेटीच्या गवतात उतरते. कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी घरबसल्या करता येईल असं काम शोधताना तिला हे सापडलं. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी टांझानियातल्या त्या माळावर २०१० पासून सव्वादोनशे कॅमेरे बांधले. समोर काही हललं की फोटो निघतो. हे लाखो फोटो झूनिव्हर्स या संकेतस्थळावर जगभरातली साधी माणसं बघतात आणि त्यातले प्राणी ओळखतात.

मी कधी कधी तिच्या शेजारी बसतो. झेब्र्याची पाठ, तरसाचे चमकणारे डोळे, वाइल्डबीस्टची न संपणारी रांग. पण बहुतेक फोटोंत कुणीच नसतं. वाऱ्यानं गवत हललेलं असतं, एवढंच. तेव्हा तिला नोंदवायचं असतं, इथे प्राणी नाही. एकच फोटो अनेकांपुढे जातो, उत्तरं जुळली की नोंद पक्की होते. दौंडच्या एका खोलीतून गेलेलं ‘नाही’सुद्धा तिथे मोजलं जातं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या माळाला असं रोज निरखणारं फारसं कुणी मिळालं नाही. कुरकुंभ ओलांडून सुप्याकडे निघालं की ऊस मागे पडतो, मुरूम वर येतो. तरवड, बोरी, हिवर, धोतराला चिकटणारी कुसळं. दिवाळीनंतर सारं रान पिवळं होतं आणि त्या पिवळ्यात चिंकारा उभा असला तरी चटकन दिसत नाही. त्याच्यासाठी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाहेरच्या माळाला मात्र आपण सहज पडीक म्हणून टाकतो. पडीक म्हटलं की प्लॉट पाडता येतात. नाहीतर चांगल्या हेतूनं खड्डे घेऊन झाडं लावली जातात, आणि त्यानंही लांडग्याचं, खोकडाचं, धाविक पक्ष्याचं घर मोडतं. त्यांना सावलीपेक्षा मोकळं रान हवं असतं. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला हे ठाऊक आहे. लांडगीनं पिल्लं कुठल्या ओढ्याला घातली, तेही तो सांगेल. त्याला विचारायला जातं कोण?

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

नीट लिहून ठेवलं की काय उजेडात येतं, ते आपल्याच मुलखात बघावं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांचे विद्यार्थी तिथे हंगामामागून हंगाम खोदत राहिले. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुलं सापडली. मातीच्या पेटीत जपून ठेवलेली, शिर नसलेली स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याविषयी पुष्कळ बोललं जातं. मला मात्र अधिक भिडते ती धान्याची आणि हाडांची मोजदाद. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, शिकारीच्या हरणांची हाडं वाढतात. पाऊस हटला असावा, असं ढवळीकरांनी त्यावरून मांडलं. पुढे इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास गाव उठलं. कमी कमी होत गेलेले दाणे कुणीतरी उन्हात बसून चाळले, निवडले, मोजले, म्हणून त्या माणसांची ओढाताण आपल्यापर्यंत पोचली.

“मामा, तिथल्या गवतात कोण नाही ते मी सांगते, आणि सुप्याच्या माळावर कोण आहे ते मला माहीतच नाही,” भाची परवा म्हणाली. आता ती आणि तिच्या मैत्रिणी रविवारी पहाटेच निघतात. दिसलेला प्रत्येक पक्षी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरतात. चंडोल, टिटवी, कापशी घार. ओळखू न आलेल्यांचे फोटो आयनॅचरलिस्टवर टाकतात, मग दूरवरचं कुणीतरी नाव सुचवतं. नव्या शैक्षणिक धोरणानं इंटर्नशिप पदवीच्या अभ्यासात आणलीच आहे. दौंड-शिरूरच्या कॉलेजांनी ही कामंही त्यात धरावीत असं मला मनापासून वाटतं. माळावर जाणं सगळ्यांना जमणार नाही, मुलींना तर घरून अनेकदा सोडत नाहीत. पण आणलेले फोटो लावायला, याद्या तपासायला, धनगरांचं बोलणं रेकॉर्डिंगवरून उतरवून घ्यायला घरी बसलेले हातही लागतातच. यंदाचं गवत अजून उभं आहे, चराई सुरू व्हायच्या आत सुरुवात करता येईल.