किल्ली कुणाच्या खिशात?

हरसूलचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना तेथील पहाटेचा काळोख वेगळा सांगायला नको. अशाच एका पहाटे आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी भिजत माझ्या दाराशी आल्या.

"फादर, गॅसचा वास येतोय. काय करू?"

"रेग्युलेटर बंद केलात का?"

"तुम्हाला न विचारता कसा बंद करणार?"

मी धावलो. स्वयंपाकघराच्या दारात रखवालदार दिव्याच्या बटणाकडे हात नेत होता. मी ओरडलो आणि तो हात जागीच थांबला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो आणि बटणातली एक ठिणगीही त्याला पुरते. रेग्युलेटर बंद केला, दारेखिडक्या उघडल्या. अनर्थ टळला. आग विझविण्याचे नळकांडे मात्र माझ्या कार्यालयात कुलपात होते आणि किल्ली माझ्या खिशात!

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. 'मला विचारल्याशिवाय काही करू नका' ही शिस्त मीच लावलेली. तिलाच मी सुव्यवस्था समजत होतो. पण नाशिकहून बंब येईपर्यंत तासाहून अधिक वेळ जाणार. तोवर जे करायचे ते जागेवरच्या माणसानेच करायचे असते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्यास सांगत राहिले. अनेकांचे प्राण त्यामुळे वाचले. त्यांना स्थानकाच्या वाटा ठाऊक होत्या आणि साधन हाताशी होते. माझ्या मावशींना मी यांपैकी काय दिले होते?

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा आखून तो कामगारांना कळविणे बंधनकारक झाले. समोर दिसणाऱ्या धोक्याची सूचना व्यवस्थापनाला देण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. हजारोंच्या मृत्यूनंतर जे शहाणपण कायद्यात आले, ते आपल्या शाळांत, दवाखान्यांत, वसतिगृहांत कधी येणार?

आता आमचे नळकांडे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, सर्वांच्या हाताला येईल असे टांगले आहे. पिन ओढावी आणि फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर न मारता बुडावर मारावा, हे रखवालदारही जाणतो. गॅसगळतीसाठीचा १९०६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक भिंतीवर ठळक लिहिले आहेत. महिन्यातून एकदा घंटा होते, मुले आंब्याखाली जमतात आणि हजेरीपटावरून मोजदाद होते.

गेल्या सरावाच्या वेळी मी कागद आवरत कार्यालयातच रेंगाळलो. मावशी दारात उभ्या राहिल्या.

"फादर, आधी बाहेर या. तुम्हीही मोजणीत आहात."

मी कागद तसेच टाकले आणि मुकाट्याने आंब्याकडे चालू लागलो.