आग विझली, भेग उरली

चि. सायली,


कॅलिफोर्नियात दोन भूपट्ट एकमेकांना घासतात म्हणून जमीन हलते, आपला खानदेश मात्र भारतीय भूपट्टाच्या पोटात, म्हणून निर्धास्त, असं तू लिहिलंस. शिवाय पायाखाली सगळा लाव्हा असताना ज्वालामुखीचा डोंगर कुठेच कसा दिसत नाही, हेही विचारलंस. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. आपल्याकडची आग विझून युगं लोटली, पण जमीन ज्या दुबळ्या पट्ट्यात फाटली तो पट्टा अजून तिथेच आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आज रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी ज्या उष्णतेवर धगधगतो, तीच तेव्हा आपल्या भूमीखाली होती, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. लाव्हा एखाद्या शिखरातून उसळला नाही, लांबच लांब भेगांतून पसरला आणि थरावर थर साचत गेले. म्हणून तुझा डोंगर सापडत नाही. धुळे, साक्री, नंदुरबारकडे आजूबाजूचा खडक झिजला आणि भेगांत गोठलेला लाव्हा दगडी भिंतींसारखा उघडा पडला. यातली प्रत्येक भेग वरपर्यंत पोचलीच असेल असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. माझा भर त्यांच्या दिशेवर आहे. बहुतेक भिंती साधारण पूर्व-पश्चिम, तापी-नर्मदेला समांतर धावतात. म्हणजे जमीन तेव्हा उत्तर-दक्षिण ताणली जात होती. तापीचं खोरंही तेच सांगतं. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात ट्यूबवेल शेकडो फूट खाली गेली तरी गाळच लागतो. नदीने नुसतं खोरं कोरलं असतं तर एवढा गाळ साठायला जागा कुठून आली असती? सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली, आणि तीही लाव्हा गोठून गेल्यावर.

चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम पाण्याकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, ज्वालामुखी जिवंतच आहे. तसं नाही. एवढ्या काळात तो लाव्हा केव्हाच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि भेगेतूनच वर येतं. इथेही खरी गोष्ट भेगेचीच.

आता तुझ्या ‘निर्धास्त’बद्दल. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला काही सेंटिमीटर सरकत आशियावर रेटा देतो, आणि तो दाब आतल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला. १९९७ मध्ये याच नर्मदेच्या पट्ट्यात जबलपूर हादरलं. १९९३ च्या भूकंपातलं किल्लारी तर भूपट्टाच्या सीमेपासून किती दूर! असे धक्के तुमच्याकडच्यापेक्षा फार विरळ, हे तुझं म्हणणं मान्य. पण विरळ असल्यामुळेच आपल्याकडे घरं बांधताना त्यांची आठवण कुणी ठेवत नाही, आणि गाळाच्या जमिनीवर हादरा खडकापेक्षा जास्त जाणवतो. दादा त्याच गाळाच्या पट्ट्यात, फैजपूरला घर बांधायचं म्हणतोय ना, त्याला कळव: प्लॅन पक्का करण्याआधी भूकंपाचा हिशेब धरलाय का, हे इंजिनिअरला विचार.

तुझा,
मामा