ऐंशी नंबरचा रस्ता

इंटरस्टेट ८० हा रस्ता न्यू जर्सीतल्या टीनेकपासून निघतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन संपतो. साधारण २९०० मैल आणि ११ राज्यं. मराठी माणूस याच्या दोन्ही टोकांना ढिगाने सापडतो. एका टोकाला पार्सिपनीचा गणपती, दुसऱ्या टोकाला बे एरियातली नाटकं. मधल्या अडीच हजार मैलांवरून मात्र तो विमानाने जातो आणि खिडकीतून खाली डोकावून "काही नाही गं, नुसती शेतं!" म्हणून पडदा ओढून घेतो. त्या 'काही नाही'मध्ये मी गेली सात वर्षं महिन्यातले बावीस-तेवीस दिवस राहते आहे. म्हटलं, एकदा मंडळाच्या अंकात त्याबद्दल लिहावं.

मी ट्रक चालवते. अठरा चाकांचा. मागचा ट्रेलर ५३ फूट लांब, पुढच्या ट्रॅक्टरसकट सगळं मिळून सत्तर फुटांच्या आसपास, आणि भरलेल्या गाडीचं वजन कायद्याने जास्तीत जास्त ८०,००० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने ३६ टन. हे सांगितलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं पण का?" त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. मी बँकेच्या मागच्या ऑफिसात एकवीस वर्षं काम केलं, ते ऑफिस २०१७ साली बंद झालं, आणि पन्नाशीला आलेल्या बाईला कॉम्प्युटरवरची नवी नोकरी देणारा कोणी भेटेना. ट्रकवाल्यांनी मात्र वय विचारलं नाही. डोळे तपासले, ब्लडप्रेशर बघितलं आणि फॉर्म हातात दिला. दुसरं कारण सातारचं आहे, ते पुढे येईल.

आमचा दिवस सूर्यावर नाही, एका डबीवर चालतो. डिसेंबर २०१७पासून बहुतेक सगळ्या ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. चाक फिरलं की डबीला कळतं. एकदा कामावर आलं की १४ तासांची खिडकी उघडते, त्यात गाडी चालवायची ती फक्त ११ तास. आठ तास चालवलं की अर्धा तास थांबायलाच हवं. मग सलग १० तास विश्रांती. आठ दिवसांत मिळून ७० तास. इतका चोख हिशेब माझ्या सासूबाईंनीही दुधाचा ठेवला नव्हता! गंमत म्हणजे या डबीला भूक, झोप, बर्फ, ट्रॅफिक काही कळत नाही. गोदामात माल उतरवून घ्यायला लोकांनी चार तास लावले तरी खिडकी मिटतच जाते. आणि पगार मैलावर. गाडी उभी म्हणजे मीटर बंद.

शिकागोच्या नैर्ऋत्येला जोलिएट म्हणून गाव आहे, तिथल्या गोदामांतून मी माल उचलते आणि बहुतेक वेळा सॅक्रामेंटोला पोचवते. चार दिवस लागतात. पहाटे चारला गाडीला प्रदक्षिणा घालायची. देवाची नव्हे, तपासणीची. टायर, दिवे, हवेचे पाइप, ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडणारी ती मोठी पिन नीट बसली आहे की नाही. हातात टॉर्च, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट, डोक्याला स्कार्फ. पहिल्या वर्षी गेटवरच्या पहारेकऱ्याने मला बघून "ड्रायव्हरला पाठवा" असं तीनदा सांगितलं होतं. आता तोच "मॅम, दार नंबर ४२" म्हणतो. पण नव्या गोदामात गेलं की नवा पहारेकरी, आणि "नवरा मागे झोपलाय का?" हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे घरी असतात, शुगर सांभाळतात आणि माझ्यासाठी भाकरीचं पीठ दळून आणतात. हे त्या पहारेकऱ्याला कुठे सांगत बसू?

पहिलं मोठं ठिकाण आयोवातलं वॉलकॉट, एक्झिट २८४. जगातला सगळ्यात मोठा ट्रक स्टॉप अशी पाटीच आहे. १९६४पासूनचा. शेकड्यांनी ट्रक उभे असतात. आत न्हावी, दातांचा डॉक्टर, सिनेमा, लाँड्री, आणि शेजारी जुन्या ट्रकचं म्युझियम. मुलांना घेऊन त्या बाजूला गेलात तर जरूर थांबा. आमची आंघोळसुद्धा अशाच ठिकाणी. डिझेल भरलं की शॉवर फुकट मिळतो. नंबर घ्यायचा आणि लाउडस्पीकरवर पुकारा होईपर्यंत टॉवेल खांद्यावर टाकून बसायचं, थेट सुलभ शौचालयासारखं! पण आत गेलं की स्वतंत्र खोली, दाराला कडी, गरम पाणी भरपूर. दिवसातली पंधरा मिनिटं अशी की कोणी बघत नाही आणि कोणी शोधत नाही.

स्वयंपाक मी ट्रकमध्येच करते. झोपायच्या बाकाखाली एक छोटा फ्रिज, वर लहानसा इलेक्ट्रिक कुकर. मुगाची खिचडी, तूप, मेतकूट, लोणचं. हिंगाची फोडणी मात्र केबिनमध्ये करायची नाही. वास पडद्यात बसतो आणि थेट नेवाडापर्यंत सोबत येतो. बाहेरचं खायची लहर आली तर या रस्त्यावर आता पंजाबी ढाबे झाले आहेत. वायोमिंगमध्ये लॅरमीजवळ एका ट्रक स्टॉपवर पराठा आणि मसाल्याचा चहा मिळतो. तिथल्या सरदारजींनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि "बहेनजी, अकेले?" म्हणाले. पैसे घेईनात. मी दिलेच.

नेब्रास्का ४५५ मैल. सगळे त्याला कंटाळवाणं म्हणतात. त्यांनी मार्च महिन्यात पहाटे प्लॅट नदीच्या काठाने जाऊन बघावं. सँडहिल क्रेन, म्हणजे क्रौंचाच्या जातीचे मोठे करडे पक्षी, उत्तरेला जाताना लाखोंनी इथे उतरतात. कापलेल्या मक्याच्या शेतात दाणे टिपतात, रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. खिडकी खाली केली तर इंजिनच्या आवाजावरून त्यांचा कलकलाट ऐकू येतो. ते पण लांबच्या पल्ल्याचेच, पण त्यांच्या मागे कुठली डबी नाही!

आता झोपेचं. यावर जरा थांबून लिहिते, कारण मंडळातल्या बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारतात ते हेच. संध्याकाळी सहा-सातनंतर ट्रक उभा करायला जागा मिळणं कठीण होतं, आणि डबी तर सांगते की थांब. मग लोक एक्झिटच्या उतारावर, बंद पेट्रोल पंपाच्या आवारात, मिळेल तिथे थांबतात. २००९ साली जेसन रिव्हेनबर्ग नावाचा ड्रायव्हर साउथ कॅरोलायनात अशाच एका बंद पंपाच्या आवारात थांबला असताना चोराने त्याला गोळी घातली. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला आणि २०१२ साली 'जेसन्स लॉ' नावाने कायदा झाला, ट्रकच्या पार्किंगसाठी. पार्किंगची ओढाताण मात्र अजून आहे. म्हणून मी पहाटे लवकर निघते आणि दुपारी चारला जागा धरते. दिव्याखाली, दुकानाच्या जवळ. अंधार पडल्यावर खाली उतरायचं नाही. पडदे लावायचे, आणि दोन्ही दारांच्या हँडलमधून सीटबेल्ट ओवून बक्कल लावायचं. बाहेरून कोणी कुलूप उघडलं तरी दार उघडत नाही. ही युक्ती मला माझ्या ट्रेनरने शिकवली. आर्कान्सासची बासष्ट वर्षांची बाई, सिगारेट ओढणारी, नातवंडांची नावं दंडावर गोंदलेली.

ती मिळावी म्हणून मी सात आठवडे घरी बसले होते. नव्या ड्रायव्हरला काही आठवडे ट्रेनरबरोबर राहावं लागतं, म्हणजे त्याच केबिनमध्ये झोपायचं. बायका ट्रेनर थोड्या. माझ्या तेव्हाच्या कंपनीने सांगितलं, पुरुष ट्रेनर उद्या देतो, बाई हवी असेल तर थांबा, बिनपगारी. मी थांबले, कारण घरात दुसरा पगार होता. माझ्याबरोबर शिकलेली एक तेवीस वर्षांची मुलगी, तिच्याकडे लहान मूल होतं, ती थांबू शकली नाही. नवव्या दिवशी ती टेक्सासमधल्या एका बस स्टँडवरून मला फोन करत होती. तिने ही लाइन सोडली. बायका ट्रकमध्ये का येत नाहीत यावर कंपन्या परिषदा भरवतात, त्यांनी त्या नऊ दिवसांबद्दल विचारावं.

खरं म्हणजे बायका या धंद्यात शंभर वर्षांपासून आहेत. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा विस्कॉन्सिनच्या क्लिंटनव्हिलमधल्या ट्रकच्या कारखान्याने बायका घेतल्या, त्यातली लुएला बेट्स ट्रक चालवून दाखवत गावोगाव फिरली. टेक्सासच्या लिली ड्रेननने १९२९ साली व्यावसायिक ट्रकचं लायसन्स मिळवलं. तिला कमी ऐकू येत असे, त्यावरून अधिकाऱ्यांनी खळखळ केली, ती पुरून उरली. आपल्याकडे नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी कायद्याच्या पदवीधर असून भोपाळहून मालाचे ट्रक देशभर नेतात.

वायोमिंग. इथे रस्ता शर्मन समिटला ८६४० फुटांवर जातो, ८० नंबरवरची सगळ्यात उंच जागा. वर अब्राहम लिंकनचं भलं मोठं डोकं आहे, खाली बघत उभं. पण उंचीपेक्षा भीती वाऱ्याची. एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा आडवा येतो आणि रिकाम्या ट्रेलरला पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा लोळवतो. मागच्या फेब्रुवारीत माझ्या गाडीत बटाट्याचे वेफर्स होते. आकाराने वाडा, वजनाने कापूस! त्या वेळी मी सॅक्रामेंटोहून परत येत होते. रॉलिन्सला पोचले तर पाटी लागली, हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद. हलकी म्हणजे किती पौंडांची, त्याचा आकडा पाटीवर असतो. माझं वजन आकड्याच्या थोडंसंच वर होतं. डिस्पॅचरचा फोन, "कायद्याने तू जाऊ शकतेस, बाकीचे निघालेत." तासाने पुन्हा. तिसऱ्यांदा त्याचा साहेब. मी सांगितलं, वारा उतरला की निघेन, लिहून घ्या. ड्रायव्हरला असं बळजबरीने पाठवता येत नाही असा नियम आहे, पण पुढच्या आठवड्यात चांगला माल कोणाला द्यायचा हेही तोच डिस्पॅचर ठरवतो. सव्वीस तास थांबले. शेजारच्या दोन ट्रकमध्येही बायकाच होत्या, एक आयडाहोची, एक मूळची बोस्नियाची. तिघींनी माझी खिचडी खाल्ली. लोणचं बोस्नियाला आवडलं. दुसऱ्या दिवशी एल्क माउंटनवरून जाताना चार ट्रेलर कडेला आडवे पडलेले मोजले. त्यानंतर तीन आठवडे मला इंडियानाच्या छोट्या फेऱ्याच मिळाल्या.

आता सातारा. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. सातारा-स्वारगेट, खंबाटकीचा घाट रोज दोनदा. मी ट्रक घेतल्याचं नातेवाइकांना "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. भावाने आण्णांना खरं सांगितलं, आणि आण्णा वर्षभर माझ्याशी फोनवर तब्येतीपलीकडे बोलले नाहीत. मग एक दिवस अचानक, "टायरं किती?"

"अठरा."

"घाट हाय का तुझ्या रस्त्याला?"

मी डॉनर समिटबद्दल सांगितलं. ७२०० फुटांवरून सॅक्रामेंटोकडे मैलोन्मैल उतार, ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकसाठी काही घाटांत बाजूला वाळूच्या चढाच्या वाटा ठेवलेल्या असतात, तेही सांगितलं.

"ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर नाचायचं न्हाई."

हाच नियम माझ्या ट्रेनरने सांगितला होता, इंग्रजीत. मी म्हटलं, "आण्णा, हल्ली गिअर आपोआप पडतात."

बराच वेळ शांतता. "मग तू करतीस काय दिवसभर?"

त्यानंतर दर रविवारी फोन. २०२३च्या जूनमध्ये सासवड-नीरा गाडीवर बाई ड्रायव्हर रुजू झाली, त्याचं कात्रण त्यांनी भावाकडून फोटो काढून मला पाठवलं. खाली एक शब्द नाही. मीही काही लिहिलं नाही, फक्त डॉनरच्या उतारावरचा माझ्या खिडकीतला फोटो पाठवला. आता ते ८८ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण वायोमिंगचा वारा किती आहे ते विचारतात.

जाता जाता एक विनंती. तुम्ही कुटुंबासह या रस्त्यावर असाल तेव्हा ट्रेलरच्या उजव्या अंगाला रेंगाळू नका, तिथली गाडी मला आरशात दिसत नाही. पुढे गेलात तर लगेच समोर शिरू नका. ६५च्या वेगात भरलेला ट्रक थांबायला पाचशे फुटांच्या वर लागतात. आणि मुलांनी हाताने भोंग्याची खूण केली तर भोंगा मिळेल. नऊवारीतल्या बाहुलीचं चित्र डॅशबोर्डवर दिसलं तर ती मीच. सोमवारी पहाटे चारला जोलिएट, दार नंबर ४२.