भंगारातील व्हॅरिस्टरची रुजुवात

विहिरीतील पाण्याची पातळी घरबसल्या कळावी, एवढ्या साध्या हेतूने आमच्या मळ्यातून घरापर्यंत मी जी तीन-चारशे मीटरची तार नेली, ती पाण्याची खबर जशी आणते तशीच आकाशातील विजेचीही आणते, याचा प्रत्यय वैशाखातल्या पहिल्याच वळवात आला. वीज आमच्या हद्दीत पडलीही नव्हती. परंतु तिच्या क्षणिक प्रवाहाभोवती जे चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि मावळते, त्यामुळे लांब तारेत शेकडो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊ शकतो, आणि पाच व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा त्यापुढे निभाव लागणे शक्यच नव्हते. तारेच्या दोन्ही टोकांना सर्जपासून रक्षण करणारे भाग बसवणे प्राप्त झाले. पुण्याच्या तपकीर गल्लीत ते नवे मिळतात, हे मला ठाऊक होते. पण माळ्यावर मोडीत निघालेले टीव्ही, संगणकांचे पॉवर सप्लाय, फॅक्सयंत्रे, टेलिफोन मोडेम आणि यूपीएस यांचे बोर्ड वर्षानुवर्षे साठलेले होते, आणि ज्या वस्तूचा उपयोग अजून शिल्लक आहे ती कचऱ्यात जावी हे माझ्या मनाला कधीच रुचलेले नाही. म्हणून त्या बोर्डांवरील रक्षकभाग ओळखून, तपासून, वेगळे काढण्याचे काम मी हाती घेतले, आणि सुटीला आलेला माझा भाचा त्यात सामील झाला.

अशा भागाची पहिली ओळख त्याच्या जागेवरून पटते. वीज जेथून बोर्डावर येते तेथे आधी फ्यूज असतो, आणि फ्यूजच्या पुढे, ब्रिज रेक्टिफायरच्या अलीकडे, फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये आडवी जोडलेली जी चपटी चकती दिसते ती बहुधा मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, म्हणजे एमओव्ही, असते. बोर्डावर तिच्याशेजारी एमओव्ही, आरव्ही, व्हीडीआर किंवा झेडएनआर अशी अक्षरे छापलेली आढळतात. रंगावर मात्र विसंबू नये. निळी चकती पुष्कळदा व्हॅरिस्टर निघते हे खरे, पण पिवळी, नारिंगी, तांबडी आणि काळीही निघते. आणि नेमक्या त्याच आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर किंवा एनटीसी थर्मिस्टर तिच्या शेजारीच उभा असतो. थर्मिस्टर ओळखणे सोपे आहे. त्यावर ‘५डी-९’ असे काही लिहिलेले असते, म्हणजे थंड अवस्थेत पाच ओहम रोध आणि नऊ मिलिमीटर व्यास. तो प्रवाहाच्या वाटेतच, एकसरीत, जोडलेला असतो आणि मल्टिमीटर त्याचा रोध तत्काळ दाखवतो. निरोगी व्हॅरिस्टर मल्टिमीटरला काहीच उत्तर देत नाही.

भाच्याने भिंग लावून एका निळ्या चकतीवरचा मजकूर वाचला आणि विचारले, “मामा, यावर १४डी४७१के आहे. म्हणजे ही चारशे एकाहत्तर व्होल्टची?”

“नाही रे. शेवटचा एक म्हणजे पुढे एक शून्य. सत्तेचाळीसवर शून्य, चारशे सत्तर. १४ हा व्यास, आणि के म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे.”

“मग ही चारशे सत्तर व्होल्टच्या लाइनवर चालेल?”

हा प्रश्न त्याने अगदी मर्मावर विचारला होता. चारशे सत्तर हा त्या चकतीचा चालण्याचा दाब नव्हे. तिच्यातून एक मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो तो दाब होय, आणि प्रत्यावर्ती विजेवर तिला निरंतर सोसवतो तो दाब आहे ३०० व्होल्ट. याउलट युरोपीय परंपरेच्या खुणांमध्ये, उदाहरणार्थ एस१४के२७५ यात, शेवटचा आकडा थेट प्रत्यावर्ती दाबाचाच असतो; म्हणून एस१४के२७५ आणि १४डी४३१के या दोन चकत्या कागदावर कितीही निराळ्या दिसल्या तरी गुणांनी त्या सख्ख्या बहिणी आहेत. सर्ज थोपवणाऱ्या डायोडांच्या कुळातही हेच द्वैत आहे. पी६केई१८ए मधला अठरा हा डायोड फुटू लागण्याचा दाब आहे, तर एसएमबीजे१५ए मधला पंधरा हा तो शांत राहील असा दाब; प्रत्यक्षात दोघांचे वर्तन जवळजवळ सारखे. आकडा वाचता येणे निराळे आणि तो कशाचा आहे हे कळणे निराळे, आणि जुन्या भागांच्या बाबतीत अनर्थ ओढवतात ते या दुसऱ्या ज्ञानाच्या अभावी. अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी केलेल्या एका उपकरणात आम्हांला १४डी२०१के ही चकती मिळाली. तिची मजल १३० व्होल्टपर्यंत. आपल्या २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टांवर जाते, तेव्हा आपल्या घरात ती लावणाऱ्याच्या हाती फुटलेल्या चकतीखेरीज काही लागणार नाही.

नाव-गाव कळले तरी प्रकृतीची रुजुवात उरतेच. व्हॅरिस्टर म्हणजे झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज इत्यादींच्या ऑक्साइडांसह भाजून केलेली चकती. जपानमधील मात्सुशिता कंपनीचे मिचिओ मात्सुओका यांनी १९७१ साली तिच्या गुणधर्मांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ती जगभर पसरली. कणाकणांमधल्या सीमा हेच तिचे सामर्थ्य असते, आणि प्रत्येक मोठी उसळी त्यांतल्या काही सीमा कायमच्या दुबळ्या करून जाते. म्हणून मी एक छोटे यंत्र जुळवले: विलगीकरण ट्रान्सफॉर्मर, त्याआधी व्हेरिॲक, त्यापुढे दाब दुप्पट करणारे दोन डायोड आणि दोन कपॅसिटर, म्हणजे सुमारे ६५० व्होल्ट, आणि मालिकेत बरेच रोधक मिळून १८० किलोओहम. चारशे सत्तरच्या चकतीवर उरलेले १८० व्होल्ट त्या रोधकांवर पडतात आणि बरोबर एक मिलिअँपिअर वाहतो. हा दाब जीवघेणा असतो, हे भाच्याला मी निक्षून सांगितले. कपॅसिटर रिकामे झाल्याचे मीटरवर पाहिल्यावाचून कशालाही हात लावायचा नाही, आणि एक हात पाठीमागे ठेवायचा.

बहुतेक चकत्या ४५५ ते ४८५ च्या दरम्यान भरल्या. एकीवर मात्र, पायाजवळ तांबूस छटा आलेली होती तिच्यावर, मीटरने ३९१ दाखवले, आणि आम्ही पाहत असताना तो आकडा ३८८, ३८५ असा हळूहळू घसरत राहिला. दहा टक्क्यांची खालची हद्द ४२३ आहे. ही चकती अजून फुटली नव्हती, फ्यूजही उडाला नव्हता. पण ती आतून झिजली होती आणि आपल्याच गळतीच्या प्रवाहाने तापत होती. तापली की गळती वाढते, गळती वाढली की आणखी तापते, आणि या चक्राचा शेवट आगीत होतो. ग्रामीण भागात तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, आणि तो मायक्रोसेकंदांपुरता नव्हे, मिनिटे-मिनिटे टिकतो. तेथे नवी चकतीसुद्धा फ्यूजच्या किंवा उष्णतेने तुटणाऱ्या कटऑफच्या भरवशावरच सुरक्षित असते.

येथे माझे मत ठाम झाले. चारशे सत्तर दाखवणाऱ्या जुन्या चकतीनेही आजवर किती तडाखे पचवले याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते, आणि नवी चकती किरकोळ किमतीत मिळते. तेव्हा घरच्या २३० व्होल्टवर, विशेषतः जेथे रात्री कोणी जागे नसते अशा जागी, भंगारातील एमओव्ही लावू नये. त्या सर्व चकत्या मी प्रयोगापुरत्या बाजूला ठेवल्या.

विहिरीच्या तारेचा मामला निराळा होता. तेथे बारा व्होल्ट, शक्ती अत्यल्प. मोडेममधून काढलेली तीन पायांची गॅस डिस्चार्ज नळी, म्हणजे दोन टोकांना तारा आणि मधला पाय अर्थिंगला, मी पहिल्या फळीत बसवली. मीटरवर दाब सावकाश चढवला असता तो २३४ व्होल्टपर्यंत गेला आणि एकाएकी कोसळला. म्हणजे आतला वायू शाबूत आहे. पेटल्यावर तिच्यातील ठिणगी दहा-वीस व्होल्टवर टिकते, म्हणून बारा व्होल्टच्या या अशक्त तारेवर ती आपोआप विझते. घरच्या विजेवर ती एकटी कधीही लावू नये, कारण तेथे ती लगेच विझण्याची हमी नाही. वेगवान उसळीत मात्र ती पेटेपर्यंत सहाशे व्होल्ट चढू शकतात, म्हणून तिच्यामागे २२ ओहमचा वायरवाउंड रोधक आणि त्यानंतर पॉवर सप्लायमधून मिळालेला पी६केई१८ए डायोड घातला, जो दाब पंचवीस व्होल्टच्या आसपास थोपवतो. मधल्या क्षणात डायोडमधून सुमारे २६ अँपिअर जातात, पण ते एखाद्या मायक्रोसेकंदापुरते. हे त्याला सहज झेपते. खरी मेहनत अर्थिंगला लागली. ओलसर जागी खड्डा घेऊन, जाड तार आखूड आणि सरळ ठेवून, ते केल्यावाचून या भागांना वीज टाकायला जागाच नसते.

पावसाळा सरल्यावर नळी आणि डायोड काढून मी पुन्हा मोजले. डायोड १७.८ व्होल्टवर जसाच्या तसा होता. नळीचा आकडा २३४ वरून २४१ वर गेला होता, जो तिच्या वीस टक्क्यांच्या मर्यादेतच बसतो. दोन्ही आकडे तारखेसह खाकी पाकिटावर लिहून भाग परत जागेवर बसवले आहेत, आणि मृगाआधी पुन्हा एकदा मोजायचे ठरले आहे. त्या वेळी भाचा स्वतःच्या हाताने मोजणार आहे.