न आणि म यांच्या मधली जागा

जपानमधील प्राथमिक शाळेत मुलांकडून जो अक्षरांचा तक्ता पाठ करून घेतात, आणि ज्याला तेथे ‘गोजूओन’, म्हणजे पन्नास ध्वनी, असे म्हणतात, तो जर कोणी एखाद्या मराठी माणसाला सावकाश म्हणून दाखवला, तर त्यातील एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना आपण हे पूर्वी कोठेतरी घोकले आहे, असे त्याला वाटल्यावाचून राहणार नाही. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आधी. मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा व्यंजनांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत क, कि, कु, के, को अशी त्या पाच स्वरांची आखूड बाराखडी. कंठापासून निघून दातांवरून ओठांपर्यंत यावे, प्रत्येक वर्गाचे अनुनासिक त्या वर्गाच्या अखेरीस ठेवावे, आणि य, र, व यांची योजना सर्वांत शेवटी करावी, हा दंडक आपल्या प्रातिशाख्यकारांचा. अक्षरांची वळणे चिनी लेखनातून झिजत आलेली, पण त्यांचा क्रम मात्र थेट वर्णमालेतला.

हा क्रम मंत्रांच्या आश्रयाने तेथे पोचला. ८०४ साली कूकाई हा तरुण भिक्षू जपानी वकिलातीच्या गलबतातून चीनला गेला. चांगआन या राजधानीत हुइगुओ या आचार्यांकडून त्याने मंत्रमार्गाची दीक्षा घेतली, नालंदेत अध्ययन केलेल्या प्रज्ञ या पंडितांकडे तो संस्कृत शिकला, आणि ८०६ मध्ये स्वदेशी परतल्यावर आणलेल्या ग्रंथांची जी फेरिस्त त्याने दरबारी रुजू केली, तीत संस्कृत लिपीतील ग्रंथांची स्वतंत्र नोंद आहे. ती लिपी म्हणजे सिद्धम्. अक्षराभ्यासाच्या आरंभी ‘सिद्धम्’ हे मंगलवचन लिहिण्याचा जो भारतीय परिपाठ होता, त्यावरून तिला हे नाव पडले. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुले धुळाक्षरे गिरवताना जे ‘ओनामासीधं’ म्हणत, ते त्याच वचनाचे घरगुती रूप. भारतात ही लिपी शतकांपूर्वी व्यवहारातून गेली, परंतु जपानी भिक्षूंनी ती आजतागायत हाताबाहेर जाऊ दिलेली नाही. समाधीशिलांच्या मागे जे उंच, अरुंद लाकडी फळे उभे करतात, आणि ज्यांच्या ‘सोतोबा’ या नावात आपला स्तूपच दडलेला आहे, त्यांवर ख, ह, र, व, अ ही पाच बीजाक्षरे काळ्या शाईने वरून खाली लिहिलेली असतात: आकाश, वायू, तेज, आप आणि सर्वांत खाली पृथ्वी.

मंत्राचा उच्चार चुकला तर त्याचे सामर्थ्य गेले, या धास्तीने या भिक्षूंनी ध्वनींचा जो अभ्यास केला, त्यातून गोजूओनचा तक्ता आकाराला आला. तेंदाई पंथाच्या मेइकाकु या विद्वानाने १०९३ मध्ये ‘हानोन साहो’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यातील मांडणी आजच्याहून निराळी आहे. अ, क, य हे कंठ्य, स, त, न, र हे जिव्हेचे, आणि ह, म, व हे ओठांचे, असा तिचा बंदोबस्त आहे. येथे वाचक थबकतो. ओठांचा ओठांना स्पर्शही न होता उच्चारला जाणारा हकार मकाराच्या शेजारी कसा? आजच्या तक्त्यातही तो न आणि म यांच्या मध्येच आहे, म्हणजे आपल्या वर्णमालेत जेथे प असतो, नेमक्या त्या जागी.

याचे कारण असे, की तो एके काळी प होता. प्राचीन जपानीतील प पुढे ओठांतून निसटणाऱ्या फसारखा झाला आणि नंतर त्याचा ह झाला. उच्चार बदलले, तक्ता बदलला नाही. एखाद्या गावात सुतार जाऊन शंभर वर्षे लोटली तरी सुतारआळी ही सुतारआळीच राहते, तसे हे झाले. सकाराची कथाही अशीच असावी. तो चकाराच्या जागी आहे, आणि त्याचा जुना उच्चार च-त्स यांच्या जवळपासचा होता, असे अनेक पंडित मानतात.

तक्त्याच्या या साक्षीला इतरत्रही पुरावा मिळतो. सम्राट गो-नारा यांच्या नावावर असलेल्या सोळाव्या शतकातील कूटसंग्रहात एक कोडे आहे: आईसाठी दोनदा भेटतात आणि वडिलांसाठी एकदाही भेटत नाहीत, ते काय? उत्तर आहे, ओठ. आजच्या जपानी माणसाला हे उमगू नये, कारण आईला ‘हाहा’ म्हणताना ओठ जवळ येतच नाहीत. परंतु ‘फाफा’ असे दोन्ही ओठ जुळवीत म्हणून पाहावे, मग वडिलांचा ‘चिची’ उच्चारावा, म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे एक मुख आपल्या मुखात हलू लागते. १६०३ मध्ये नागासाकीस पोर्तुगीज पाद्र्यांनी जो जपानी कोश छापला, त्यातही फूल या अर्थाचा ‘हाना’ हा शब्द ‘फाना’ असा नोंदलेला आहे. आणि खुद्द लिपी पाहावी: कच्या डोक्याशी दोन बारीक रेघा दिल्या की ग होतो, तचा द होतो, आणि हचा होतो ब! ह आणि ब यांचे हे नाते पकाराला मध्यस्थ केल्याखेरीज लागत नाही.

या तक्त्याला तेथे एक प्रतिस्पर्धी होता. ‘इरोहा’ ही ४७ अक्षरांची कविता, जीत प्रत्येक अक्षर एकदाच येते आणि तरीही अनित्यतेचे चिंतन अखंड राहते, ही मानवी बुद्धीची एक नवलाची निर्मिती आहे, आणि शतकानुशतके जपानी लोकांनी कोशांपासून अग्निशामक दलांच्या तुकड्यांपर्यंत सर्वांचा अनुक्रम तिच्यावरच लावला. ओत्सुकी फुमिहिको यांनी १८८९ ते १८९१ या काळात ‘गेन्काई’ हा आपला थोर कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी इरोहा बाजूस सारून गोजूओनचा अवलंब केला. तो क्रम पाहून फुकुझावा युकिची यांच्या कपाळाला आठी पडली, आणि रंगगृहाच्या दाराशी जोडे सांभाळणाऱ्यांच्या बिल्ल्यांना हा क्रम कसा चालेल, अशी पृच्छा त्यांनी केली, असे सांगतात. लोकशिक्षणासाठी झटलेल्या त्या पुरुषाची ती शंका रास्तच होती, कारण इरोहा जनसामान्यांच्या जिभेवर होती आणि गोजूओन पंडितांच्या. तरीही मला ओत्सुकींचा निर्णय मोलाचा वाटतो. इरोहात हकार तिसरा येतो, तो काव्याची गरज म्हणून. तेथून त्याच्या पूर्वायुष्याविषयी काहीच कळत नाही. पुढे कोशांनी ओत्सुकींचीच वाट धरली, आणि शाळांचे हजेरीपटही आता बहुधा याच क्रमाने लागतात: आइदा आडनावाचा मुलगा आरंभी, हायाशी हा नाकामुरा आणि मात्सुमोतो यांच्या मध्ये, आणि वातानाबे अगदी अखेरीस.